सातव्या वळणापुढे

दुसरी होडी आली तेव्हा केतन चहात बिस्किट बुडवत होता. बिस्किट वेळेवर बाहेर काढायचं राहिलं आणि अर्धं कपातच विरघळलं. टीव्हीच्या पडद्यावर त्याची लाल होडी तिसऱ्या वळणावर काठाला लागली होती. तिच्या मागे, जिथे एरवी नुसतं काळं पाणी असायचं, तिथे एक निळी होडी डोलत उभी होती.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, गुणांच्या शेजारी, इंग्रजी अक्षरांत एक नाव उमटलं होतं. पावणे.

"सुनयना," त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली. "कोणीतरी आलंय."

"बेल नाही वाजली."

"दारात नाही. गेममध्ये."

त्याची बायको हात पुसत बाहेर आली. तिने नाव वाचलं आणि हसली.

"पावणेच आलेत की."

केतन हसला नाही. पावणे हे त्याचं गाव. कारखान्यांनी चहूबाजूंनी वेढलेलं, खाडीच्या अंगाला टेकलेलं. त्या गावात हा खेळ खेळलेला, त्याच्याशिवाय दुसरा माणूस एकच होता. त्याचा थोरला भाऊ दिपेश. आणि दिपेश चार वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता.

केतनने रिमोट दोन्ही हातांत नीट धरला आणि लाल होडी काठापासून सोडवली. निळी होडी त्याच्या मागून निघाली.

खेळाचं खरं नाव दोघा भावांना कधीच कळलं नव्हतं. ज्या कॅसेटमध्ये तो होता तिच्यावरचा कागद त्यांच्या हाती येण्यापूर्वीच निघून गेला होता. ते त्याला नुसतं 'होडी' म्हणत. रात्रीची नदी, दोन्ही काठांना चौकोनी चौकोनी माडांची रांग, आणि पाण्यावर तरंगत येणारे दिवे. दिवा उचलला की होडीत उजेड व्हायचा. दिवा विझला आणि दुसरा मिळाला नाही, तर अंधार चहूकडून जवळ यायचा आणि होडी बुडायची. दोघे खेळत असले तर मात्र एक सोय होती. ज्याच्याकडे दिवा आहे त्याने आपली होडी दुसऱ्याच्या होडीला लावली की उजेड दोन्हीकडे व्हायचा. नदीला किती वळणं होती ते कोणाला ठाऊक नव्हतं. सातव्या वळणापर्यंत पोचेपोचेतो मशीन तापून बंद पडायचं, नाहीतर गावची लाईट जायची. सातव्या वळणापुढे काय आहे यावर दोघे भाऊ अंथरुणात पडल्यापडल्या बोलत राहायचे. दिपेश म्हणायचा, धबधबा असेल. केतनला वाटायचं, घर असेल.

केतन आता बेचाळीस वर्षांचा होता. महाप्याच्या एका डेटा सेंटरात इलेक्ट्रिकल सुपरवायझर. सकाळी सहाला पाळी सुरू व्हायची, दोनला सुटायची, आणि तीनच्या सुमारास तो उलव्याच्या आपल्या सातव्या मजल्यावरच्या घरी असायचा. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या नंदकिशोरने एकदा जेवणाच्या सुट्टीत मुठीएवढा काळा डबा दाखवला होता. टीव्हीला जोडायचा, बस. जगातले सगळे जुने गेम आत आहेत म्हणाला. केतनने तसाच डबा आणला, आणि पुढचे पंधरा दिवस रोज दुपारी हजारो छोट्या चित्रांतून बोट फिरवत राहिला. माडांची रांग दिसली तेव्हा तो उठून उभा राहिला होता.

पहिल्या दिवशी मात्र त्याची निराशा झाली. मोठ्या टीव्हीवर सगळं फारच स्पष्ट होतं. पाणी म्हणजे नुसत्या निळ्या आणि काळ्या उभ्या रेघा, एकीशेजारी एक मोजून घ्याव्यात अशा. लहानपणी तर ते पाणी हलायचं. चकाकायचं. आपल्यालाच तसं वाटायचं की काय, म्हणून तो बराच वेळ पडद्याजवळ जाऊन पाहत राहिला. मग सेटिंगमध्ये शोधता शोधता 'जुना टीव्ही' अशा अर्थाचं एक बटण सापडलं. ते दाबलं, आणि पडद्याचे कोपरे किंचित गोल झाले, चित्रावर बारीक आडव्या सावल्या आल्या, रेघा एकमेकींत विरघळल्या आणि नदी वाहू लागली. केतन सोफ्यावर बसायच्या ऐवजी खाली फरशीवर बसला. तेव्हापासून तो खालीच बसायचा.

या डब्यात आणखी एक गोष्ट होती. आपला नंबर दुसऱ्याला दिला, तर तो तसाच डबा जोडून त्याच्या घरून आपल्या खेळात येऊ शकतो. केतनने तो नंबर कोणाला दिला नव्हता. पण सुनयनाचं आणि तिच्या थोरल्या जावेचं, जागृतीचं, फोनवर सगळं चालू असायचं. दोघा भावांना ते माहीत होतं, आणि दोघेही माहीत नसल्यासारखे वागत. नंबर त्या वाटेनेच गेला असणार. दिपेशने मागून घेतला असणार.

आणि लहानपणी लाल होडी कायम दिपेशची असायची. पहिला रिमोट त्याचा, दुसरा केतनचा. आता तो स्वतःहून निळ्या होडीत बसला होता.

भांडण झालं होतं ते एका पत्रिकेवरून. उलव्याच्या घराची वास्तुशांत ठरली, पत्रिका छापायला दिली. छापणाऱ्याने नमुना मोबाइलवर पाठवला तेव्हा केतन जनरेटरच्या खोलीत होता. त्याने न वाचताच 'ओके' लिहून टाकलं. पत्रिका गावभर वाटून झाल्यावर कोणीतरी दाखवून दिलं. 'आपले नम्र'च्या खाली आईचं नाव होतं, केतन-सुनयनाचं होतं, चुलत्यांची होती, अगदी दोन भाच्यांचीही होती. दिपेशचं नव्हतं. वडील, देवजी, जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. घरातला कर्ता म्हणून दिपेशचं नाव सगळ्यांच्या वर यायचं.

तरीही दिपेश आला. पूजा होईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिला. पंगत बसली तेव्हा सुनयनाच्या माहेरच्या माणसांसमोर त्याने विचारलं, "मी कोन हाय रं तुजा?"

चूक झाली, न वाचता पाठवलं, एवढंच म्हणायचं होतं. पण सगळे बघत होते. केतन म्हणाला, "दादा, तुला भाऊ पायजे का पत्रिकेवर नाव पायजे?"

तेव्हा त्याला ते वाक्य फार नेमकं वाटलं होतं. दिपेशने हात धुतले आणि तो निघून गेला. छापणाऱ्याची चूक कशी झाली हे नंतर केतनने भेटेल त्याला सांगितलं. दिपेशला सोडून.

आई, गोजराबाई, पावण्यालाच राहिली, दिपेशकडे. महिन्यातून दोन दिवस ती उलव्याला यायची. केतन गाडी गावच्या कमानीपाशी थांबवायचा, आई चालत तिथवर यायची, आणि परत सोडतानाही तो कमानीलाच सोडायचा. तिने कधी 'घरापर्यंत चल' म्हटलं नाही. मग यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात केतन संध्याकाळी जायचा आणि दिपेश सकाळी. घरी नेल्यावर तीन महिने तिला कमानीपर्यंत येणं शक्य नव्हतं. तेव्हापासून केतनने आईला पाहिलं नव्हतं. फोन तेवढा रोज करायचा.

निळी होडी दुसऱ्या दिवशीही आली. साडेतीनला. मग रोजच.

दिपेशचं गावातच मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, घराला लागून. जळालेल्या मोटारींच्या तारा काढून नव्या भरायच्या. वडिलांसारखाच तोही दुपारी शटर ओढून तास-दीड तास आडवा व्हायचा, म्हणजे वेळही जुळत होती. केतन घरी आला की हातपाय धुवायचा, पडदा ओढून घ्यायचा, फरशीवर बसायचा. खाडीकडून येणारा वारा पडद्यात भरायचा आणि खोलीभर निळसर उजेड हलत राहायचा. मधूनच एखादं विमान उतरताना खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पण नदीत शिरल्यावर तो आवाज लांबून, दुसऱ्या कुठल्यातरी गावातून आल्यासारखा वाटायचा.

निळी होडी सावकाश यायची. डावा काठ धरून. ओंडका दिसला की अंदाज घेत थांबायची, मग जरा जास्तच लांबून वळसा घालायची. सुरुवातीला ती सारखी बुडायची. दादाची सवय मोडली असणार, केतनला वाटायचं, दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळून बोटं जाड झाली असणार. तो काठाला थांबून राहायचा. निळी होडी पुन्हा पहिल्यापासून यायची, त्याच्याजवळ आली की तिचं नाक त्याच्या होडीला हळूच लागायचं आणि दोन्ही होड्या उजळायच्या.

पण एक गोष्ट तिला पहिल्यापासून येत होती. दिवा जवळ आला की ती थांबायची. स्वतःच्या होडीतला उजेड विझत आलेला असला तरी उचलायची नाही. केतन जाऊन उचलेपर्यंत वाट बघायची.

"दादा असाच होता," एकदा केतन सुनयनाला म्हणाला. "स्वतः घ्यायचा नाही. मला द्यायचा."

सुनयना मेथी निवडत होती. तिने वर पाहिलं. काहीतरी बोलणार होती, मग तिने एक काडी मोडली आणि पुन्हा मान खाली घातली.

बोलायची सोयही होती त्या डब्यात, माइक लावला तर. केतनने माइक आणला नाही. खेळ संपवताना तो आपली होडी एकदा गोल फिरवायचा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी निळी होडीही फिरली. वाकडीतिकडी, काठावर आपटत, पण फिरली. तो एकटाच मोठ्याने हसला.

हळूहळू ती नदी त्याच्याबरोबर कामावरही येऊ लागली. डेटा सेंटरच्या थंडगार दालनात यंत्रांची कपाटं ओळीने उभी असत आणि प्रत्येकावर बारीक दिवे लुकलुकत. मधल्या वाटेने तपासणी करत जाताना त्याला वाटायचं, आपण पाण्यावर आहोत. पायांखाली फरशी नाही. पुढच्या वळणावर कोणीतरी थांबलंय आणि घाई करायचं काही कारण नाही. एकदा तो एका कपाटापाशी एवढा वेळ उभा राहिला की नंदकिशोरने येऊन विचारलं, "काय शेठ, टेन्शन?"

"नाही रे," केतन म्हणाला. "उलट."

आईला फोन तो सुटल्यावर, बसमधूनच करायचा.

"गुडघा कसा हाय?"

"हाय. वाकतंय आता थोरं थोरं. तू जेवलास?"

"जेवलो. चालतेस का?"

"घरातल्या घरात चालतंय. दारापरत." मग लगेच, "दादा बरा हाय तुजा," ती न विचारता सांगायची.

"हां."

"चल, ठेव आता. घरी जा लवकर. माजा व्यायाम रायलाय."

ऑपरेशनपासून ती व्यायामाबाबत भलतीच काटेकोर झाली होती. केतनला त्याचं बरं वाटायचं.

दीड महिन्याने ते सातव्या वळणापाशी पोचले. आता मशीन तापत नव्हतं, आणि इथवर आलेलं जपून ठेवता येत होतं. तरी वळण दिसताच केतनचा हात नकळत जमिनीकडे गेला, लहानपणी मशीन किती गरम झालंय ते बघायला जायचा तसा. हाताला थंड फरशी लागली.

वळणापुढे धबधबा नव्हता. घरही नव्हतं. माड संपले, काठ दोन्ही बाजूंना लांब लांब सरकत गेले, आणि पाणीच पाणी उरलं. दिवेही संपले होते. दोन्ही होड्यांत मिळून एकच उजेड होता. होड्या एकमेकींपासून वेगळ्या झाल्या की एक विझू लागायची. म्हणून त्यांना चिकटून, एका वेगाने जावं लागत होतं. केतनला सवय होती पुढे निघायची. तीन वेळा तो पुढे गेला आणि तीन वेळा मागची होडी बुडाली. चौथ्या वेळी त्याने बटणावरचं बोट जवळजवळ उचललंच. निळी होडी जेवढं जाईल तेवढंच जायचं. कूर्मगतीने. एक विमान आलं आणि गेलं. चहा गार झाला. सुनयना येऊन सोफ्याच्या हातावर टेकली, तरी तो वळला नाही.

मग पाणी उजळू लागलं. काळ्याचं जांभळं, जांभळ्याचं राखाडी. समोर एक सरळ रेघ आली आणि तिच्यावर केशरी चौकोनांचा सूर्य, एकेक ओळ करत वर सरकला. समुद्र होता. तिथे कोणी राक्षस नव्हता, खजिना नव्हता. खेळ सुरू होताना वाजतात तेच तीन-चार स्वर बारीक सुरात वाजले, इंग्रजीत खेळल्याबद्दल आभार मानले गेले, आणि दोन्ही होड्या उजेडात नुसत्या डोलत राहिल्या.

"संपला?" सुनयनाने विचारलं.

"संपला."

पडद्यावरून आभार निघून गेले. होड्या तशाच होत्या. पावणे हे नाव कोपऱ्यात तसंच होतं. पलीकडचा माणूसही बंद करायला तयार नव्हता. केतनने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

"गुरुवारी सुट्टी आहे माझी," तो म्हणाला. "पावण्याला जाऊन येतो."

"कमानीपर्यंत?"

"घरी."

गुरुवारी सुनयनाने स्टीलचा एक डबा बाहेर काढला. जागृतीने वास्तुशांतीला त्यात काहीतरी आणलं होतं, तेव्हापासून तो इथेच होता. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून तिने त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले. दारात डबा हातात देताना ती म्हणाली, "हे बघ, तिथे गेल्यावर... जे असेल ते असेल. रागावू नकोस."

"रागवायला काय झालं? त्यानेच तर पुढाकार घेतला."

सुनयनाने डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

त्याने मुद्दाम साडेतीनची वेळ गाठली. शटर ओढलेलं असेल, दादा टीव्हीपुढे बसलेला असेल, आपण मागून जाऊन उभं राहायचं, असं त्याने ठाणे-बेलापूर रस्त्यावर तीन-चार वेळा मनात घडवून पाहिलं. कमान आली. पाय सवयीने ब्रेकवर गेला. मागच्या टेम्पोने हॉर्न दिला आणि गाडी कमानीतून आत गेली. रस्ता आठवणीतल्यापेक्षा अरुंद होता.

शटर उघडं होतं.

दिपेश दारातच स्टुलावर बसला होता. मांडीवर मोटारीचं कवच, दातांत कापडी पट्टी, आणि बोटांनी तांब्याची तार एकेका खाचेत बसवत होता. कपाळावरचे केस बरेच मागे गेले होते. सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं. दातांतली पट्टी निसटून मांडीवर पडली.

कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाजून थांबला.

"दादा," केतन म्हणाला. "आज बसला नाहीस?"

"कनाला?"

"होडीला." केतनने हसायचा प्रयत्न केला. "साडेतीन वाजले."

दिपेशने त्याच्याकडे, मग त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "कंची होडी?"

"आपली. टीव्हीवरची. सोमवारी संपवली ना आपण. समुद्रापरत गेलो."

"लहानपनचा तो गेम? तो हाय अजून?" दिपेशच्या कपाळावर आठी पडली. "मी नाय खेळत कायपन. दुकानातून मना यल कुटं हाय?"

केतनच्या हातातला डबा जड झाला. त्याने तो दुसऱ्या हातात घेतला. "रोज येतोस तू. महिना-दीड महिना झाला. निळ्या होडीत. दिवा आला की माझ्यासाठी थांबतोस. पहिल्यासारखा."

"मी?" दिपेशने तार खाली ठेवली. "मी कदी थांबलू तुज्यासाठी? समदे दिवं मीच घ्यायचू. तू रडायचास. मागून आई वरडायची, थांब त्याच्यासाठी, बारका हाय तो. तवा थांबायचू."

तो बोलता बोलता थांबला. दोघांनाही एकाच वेळी काहीतरी ऐकू आलं होतं. दुकानाच्या मागच्या दारातून, घरातून, बारीक सुरात वाजणारे तीन-चार स्वर.

दिपेश उठला. कवच स्टुलावर ठेवलं. मागच्या दाराचा पडदा त्याने बोटाने थोडासा बाजूला केला, आणि केतन त्याच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला.

आई खुर्चीवर बसली होती, त्यांच्याकडे पाठ करून. ऑपरेशनचा पाय समोर पाटावर ठेवलेला. पदर खोचलेला. दोन्ही हातांत रिमोट, सुपासारखा, अंगापासून लांब धरलेला. समोरच्या टीव्हीवर नदी पहिल्या वळणापासून पुन्हा सुरू झाली होती, आणि निळी होडी एकटीच डाव्या काठाला थांबली होती. समोरून एक दिवा तरंगत आला, जवळून गेला. तिने उचलला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने मान वळवून पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, "बस चुकली वाटतं आज याची."

केतनने डबा छातीशी धरला.

"सोनलनं लावून दिलंय," दिपेश हलक्या आवाजात म्हणाला. सोनल त्याची मुलगी, वाशीला कॉलेजात होती. "मना वाटलं सीरेल बगते. रोज दुपारची मना सांगते, तिकडं बस, यिकडं येव नको." त्याने पडदा सोडला.

दोघे दुकानात समोरासमोर उभे राहिले. फरशीवर तांब्याच्या जुन्या तारांचे तुकडे पडले होते. दिपेश पायाने ते एका बाजूला सारू लागला.

"म्हंजे तुला वाटलं मी हाय," तो म्हणाला. "म्हनून आलास."

केतनला हो म्हणता येईना, आणि नाही म्हणणं खोटं झालं असतं. त्याने नुसती मान हलवली. मग म्हणाला, "दादा, ती पत्रिका मी वाचली नव्हती. न वाचताच ओके केली. तेव्हा बोलायला पायजे होतं."

दिपेश पायाने तारा सारत राहिला. तारा सारून झाल्या. त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले, बराच वेळ पुसले, एकेक बोट. शटरपाशी गेला आणि ते अर्ध्यावर ओढलं. दुकानात अंधारलं. खालून येणारा उजेड दोघांच्या पायांवर पडला.

"चपला आत काड," तो म्हणाला. "बाहेरच्या कुतरी नेतान."

केतनने चपला उचलून आत ठेवल्या. दिपेशने मागच्या दाराचा पडदा या खेपेला पूर्ण बाजूला सारला.

"आये," त्याने हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा लागला. "केतन आलाय."

खुर्चीतली पाठ ताठ झाली. टीव्हीवर निळी होडी काठावर आपटली.

"मी बोलावला त्याला," दिपेश म्हणाला.

आई वळली नाही. तिने रिमोट मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. केतनला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, पडद्याच्या निळ्या उजेडात.

"कदी बोलावलास?"

"मगाशी."

तिने पाटावरचा पाय खाली घेतला.

"मंग उबा कनाला ठेवलास त्याला?" ती म्हणाली.